लागलं का?

गॅलरीच्या जाळीच्या आत बसून काकू एक पान उजेडात धरायच्या. देठाकडची बाजू वर करून, एक डोळा बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघतात तसं बघायच्या. मग ते पान खिडकीतल्या फरशीवर ठेवायच्या आणि जिना चढणाऱ्या कोणालाही विचारायच्या, "लागलं का?"

पानं पुढची, पण हिंजवडीजवळच्या जांब्यात खोली घेतली त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा प्रश्न मला आला. कंपनीच्या बसमधून उतरून मी लंगडत येत होते, कारण नवी चप्पल टाचेला चावली होती. मला वाटलं, काय मायाळू घरमालकीण मिळाली. मी म्हटलं, फार नाही लागलं काकू, चप्पल चावलीय नुसती. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग टाचेकडे, आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"त्ये न्हाई पोरी. हितं लागलं का, म्हनून इचारलं."

मी परभणीकडची. आमच्याकडे पेरतात. बी जिथं पडतं तिथंच उगवतं आणि तिथंच कापलं जातं. इकडे मुळशी तालुक्यात भाताचं रोप एका जागी वाढवतात, मुळासकट उपटतात आणि दुसरीकडे चिखलात नेऊन लावतात. त्याला आवणी म्हणतात. उपटलेलं रोप आठ-दहा दिवस पिवळं पडून, मान टाकून उभं राहतं आणि मग एका सकाळी ताठ होतं. तेव्हा म्हणायचं, रोप लागलं. काकूंच्या सोळा खोल्यांत अशी नांदेडपासून नागपूरपर्यंतची उपटून आणलेली पोरं-पोरी भरलेली होती. नवीन आलेल्या प्रत्येकाला त्या आठ दिवस हेच विचारायच्या. मी आठव्या दिवशी 'लागलं' म्हणून सांगितलं. ते खोटं होतं, पण रोज रोज 'नाही' म्हणायची मला लाज वाटायला लागली होती.

हे २००४ सालचं. हिंजवडीच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम मी करायचे. दिवसभर चुका दाखवायच्या आणि ज्यांच्या दाखवल्या त्यांचीच बोलणी खायची. घरी यावं तर खोलीत दोघी जणी, एक पंखा आणि एक खिडकी, आणि त्या खिडकीतून नव्या इमारतीचा सांगाडा दिसायचा. त्यामुळे मी येता-जाता काकूंच्या जाळीशी थांबायला लागले. तुम्हीही कधी भाड्यानं राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, प्रत्येक इमारतीत एक माणूस असं असतं की जे कधी बाहेर गेलेलं कोणी बघितलेलं नसतं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे घराची मालकीणच होती.

काकू कुठं जात नसत, याचं कारण आतल्या खोलीत होतं. लोखंडी खाटेवर त्यांच्या सासूबाई पडून होत्या. लकवा मारल्यावर उजवं अंग गेलं, वाचा गेली, डावा हात तेवढा राहिला. त्या हाताशी एक स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असे. काही हवं झालं की म्हातारी पेला वाजवायची. तहान लागली तर वाजवायची, कूस बदलायची असली तर वाजवायची, आणि बाहेर कोण आलंय ते कळायला हवं असलं तरीही वाजवायची. वाजवून वाजवून पेल्याला पोचे पडले होते. मालकांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, दोनदा बाई ठेवून बघितली. पण म्हातारी सुनेशिवाय कोणाच्या हातचं खायची नाही. दुसऱ्या बाईच्या तर अंगावर पेज थुंकली. ती बाई गेली आणि मालक पांढरी गाडी काढून प्लॉट दाखवायला निघून गेले. प्रश्न त्यांच्यापुरता मिटला.

काकूंचं सगळं जग त्या पेल्याच्या आवाजानं आखलेलं होतं. दारातला नळ आवाजात होता. गच्ची वारा नसेल तर आवाजात होती. कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान आवाजाबाहेर होतं, म्हणून साखर संपली की त्या जाळीतून आम्हाला हाक मारायच्या. देऊळ तर फारच लांब होतं. सहा वर्षं त्या पेल्याच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. हे त्यांनी मला रडत सांगितलं असं समजू नका. घराच्या चतुःसीमा सांगाव्यात तसं सांगितलं.

झाडांचं खूळ माझ्यामुळे शिरलं. माझ्या वाढदिवसाला ऑफिसातल्यांनी एक जेडचं रोप दिलं होतं. बुटकं, जाड, आणि पानं अशी की वाटावं आत पाणी भरून शिवून टाकलीत. बसच्या गर्दीत त्याची आठ-दहा पानं गळली. ती पानं काकूंनी ओंजळीत घेतली आणि त्यांच्या तोंडावर जी कळा आली ती मी त्याआधी बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी बघते तर एका फुटक्या टपात चिखल केलेला, वर बोटभर पाणी, आणि त्यात ती पानं ओळीनं, सारख्या अंतरावर, अंगठ्यानं दाबून लावलेली. भाताची आवणी करतात तशी. आठ दिवसांत सगळी सडली, आणि त्या टपाला असा वास सुटला की वरच्या मजल्यावरून तक्रार आली.

काकूंना ते फार लागलं. माहेरी असताना त्यांच्या हातची आवणी कधी वाया गेली नव्हती. ताम्हिणीच्या बाजूला, मुळशी धरणाच्या पलीकडे त्यांचं गाव. लग्नाआधी आजूबाजूच्या वाड्यांतून त्यांना आवणीला बोलावणं यायचं, इतका त्यांचा हात सरळ आणि झपझप चालायचा. सासरीही भात होतं, पण ती जमीन आयटी पार्कच्या एका फेजमध्ये गेली आणि तिच्या मोबदल्यातून ह्या सोळा खोल्या उभ्या राहिल्या.

मग मी ऑफिसात इंटरनेटवर शोधून एक पान छापून आणलं आणि जाळीशी उभं राहून त्याचं मराठी करून वाचून दाखवलं. स्वतः कधी कुंडीला हात न लावता मी उंटावरून शेळ्या हाकत होते. पान तोडल्यावर लगेच मातीत लावू नये. तीन-चार दिवस कोरड्यात ठेवावं, तुटलेल्या जागेवर खपली धरू द्यावी. मग नुसतं मातीवर टेकवावं, पुरू नये, आणि मुळं फुटेपर्यंत पाणी घालू नये. काकूंनी मला तो खपलीचा भाग पुन्हा वाचायला लावला.

"म्हंजे आधी लागलेलं वाळू द्यायचं," त्या म्हणाल्या, "मंग त्ये लागतं."

वर्षभरात ती गॅलरी भरून गेली. जांब्यात तेव्हा जिकडे तिकडे बांधकामं, त्यामुळे वाळू, कच, विटांचा चुरा यांना तोटा नव्हता. बिस्किटांचे ट्रे, आइस्क्रीमचे कप, कोणाचा तरी टाकलेला दाढीचा मग, सगळ्याच्या कुंड्या झाल्या. फुटक्या फरशांवर पानं वाळत पडलेली असायची आणि प्रत्येक पानाच्या टोकाला काही दिवसांनी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं फुटायची. कोरफडीची पिलं काढून त्यांनी सोळा खोल्यांत वाटली. पानफुटीचं एक पान तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचणीनं टोचून ठेवलं होतं. त्याला माती नाही, पाणी नाही, आणि तरी त्याच्या कडेकडेनं इवली इवली रोपं निघालेली. म्हातारीच्या खाटेवरून ते दिसायचं. रोज एक नवं फुटलं की ती पेला वाजवून दाखवायची. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की म्हातारीही तिथं अडकलेलीच होती.

झाडांना काकूंनी भाडेकरूंची नावं दिली होती. पाणी न मागता गपचूप वाढणारं एक होतं ते सात नंबर, कारण सात नंबरमधला अकोल्याचा मुलगा दोन वर्षांत चार वाक्यं बोलला होता. जरा हात लागला की पानं टाकणारं एक नाजूक झाड होतं. ते कोणाच्या नावाचं, हे त्या सांगायच्या नाहीत. पुढं कळलं की ते माझ्याच नावाचं.

एकदा मालकांनी कुठूनसा कलमी गुलाब आणला. काकूंनी तो दुसऱ्या दिवशी शेजारणीला देऊन टाकला. कुत्रं नको, मांजर नको, मोगरासुद्धा नको. दारातली तुळस सोडली तर रोज पाणी मागणारं काहीही त्यांनी ठेवलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या की वाट बघणारं एक घरात आहे, दुसरं नको.

"ह्यांना पंदरा दिस टाकून ग्येलं तरी चालतंय. मला जाता आलं पायजे."

मला हसू आलं. मी विचारलं, काकू, तुम्हाला जायचंय कुठं? त्यांनी हातातलं पान पुन्हा उजेडात धरलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. माझं ते हसू आठवलं की अजून माझे कान तापतात.

त्यांना कुठं जायचं होतं ते मला २००७ च्या जूनमध्ये कळलं. भावाचा फोन आला. माहेरचं शेत विकलं गेलं होतं, दिवाळीनंतर ताबा द्यायचा होता. म्हणजे यंदाची आवणी शेवटची. आक्के, एक दिवस तरी ये, असं भाऊ म्हणाला. काकूंनी हे मला भांडी घासता घासता सांगितलं, जसं काही ते दुसऱ्याच कोणाचं होतं. पण हातातली कढई त्या दोनदा घासत होत्या.

मी म्हटलं, जा तुम्ही, मी बसते आजींपाशी. एक दिवसाचा तर प्रश्न आहे.

आधी त्यांचा विश्वास बसेना. म्हातारी माझ्या हातचं खाईल का, हीच मोठी शंका होती. म्हणून आम्ही तालीम केली. पहिल्या रविवारी मी पेजेची वाटी घेऊन बसले, तर म्हातारीनं तोंड घट्ट मिटून घेतलं आणि पेला असा बडवला की सात नंबरसुद्धा खाली आला. दुसऱ्या रविवारी मी कॅलेंडरवरच्या पानाला किती रोपं आली ती मोठ्यानं मोजत बसले. सोळापर्यंत आले आणि म्हातारीनं तोंड उघडलं. पाच चमचे पेज गेली. दाराआड उभ्या असलेल्या काकू आत आल्या, त्यांचे डोळे भरले होते. "लागली गं तुला म्हातारी," त्या म्हणाल्या. मला चांगल्या कामाचं बक्षीस पुष्कळदा मिळालंय, पण इतकं भारी वाटल्याचं आठवत नाही.

शनिवार ठरला. सकाळी सातला चौकातून पौडकडे जाणारी जीप, पुढं दुसरी. मुक्काम करून रविवारी परत.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या मॅनेजरनं सांगितलं की उद्या सगळ्यांनी यायचं, परदेशातल्या गिऱ्हाइकाचं काम अडलंय, दोन तासांचा तर प्रश्न आहे. मी 'नाही' म्हणू शकले असते. बाकीच्यांत दोघांनी म्हटलं, आणि त्यांचं पुढं काहीही बिघडलं नाही. मी 'हो' म्हटलं. बढतीची यादी निघायची होती, माझं नाव तीत यावं असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी मी जाळीशी न थांबता वर गेले. सकाळी सांगू, असं स्वतःला समजावलं.

सकाळी साडेसहाला खाली आले तेव्हा काकू तयार होत्या. जुनं नऊवारी, तेही आवणीला नेसतात तसं गुडघ्यापर्यंत खोचून वर दुसरं गुंडाळलेलं. डोक्यावर घ्यायचा प्लॅस्टिकचा कागद घडी करून काखेत. पिशवीत भावजयीसाठी जेडचं एक रोप. इतक्या वर्षांत मी त्यांच्या पायात चप्पल पहिल्यांदा बघितली.

मी सांगितलं. फक्त दोन तास, नऊला येते, मग तुम्ही निघा. हिशेब त्यांचा त्यांना कळत होता. नऊच्या पुढं निघून, दोन जीपा बदलून पोचेपर्यंत दुपार टळणार आणि बायका चिखलातून बाहेर निघालेल्या असणार. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मला एकदम रडू आलं. चूक माझी आणि रडायला पुढं मीच. काकूंनी माझ्या गालाला हात लावला.

"लागलं व्हय गं?" त्यांनी विचारलं.

तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द माझ्या अर्थानं वापरला. मी मान हलवली. "जा, बस जाईल तुजी," त्या म्हणाल्या. मी गेले. हेही सांगायला हवं, की मी गेले.

दोन तासांचे नऊ तास झाले. संध्याकाळी परतले तर गॅलरीत कोणी नव्हतं, आणि फरशांवर एकही पान नव्हतं. काकू मागच्या दारी नळाशी वाकून उभ्या होत्या. तो जुना फुटका टप, शेजारी आणखी दोन घमेली. सगळ्यांत चिखल आणि वर पाणी. त्यात वर्षा-दोन वर्षांची सगळी पानं, मुळं फुटलेली, न फुटलेली, छोटी रोपं, सात नंबरचं झाडसुद्धा, त्या ओळीनं लावत होत्या. साडी खोचलेली, पाय पोटऱ्यांपर्यंत माखलेले. हात असा चालला होता की डोळा ठरू नये. मला सडण्याची भीती घालायची होती, पण ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"काकू, मरतील ना ती."

"मरू दे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आज आवणी हाय."

आत पेला वाजत होता. त्यांनी ओळ पुरी केली, कंबर सरळ केली आणि मगच त्या आत गेल्या. पंधरा दिवसांत सगळं सडलं. उरलं फक्त कॅलेंडरवर टोचलेलं ते पानफुटीचं पान, कारण ते म्हातारीचं होतं. काकूंनी त्याच्यापासून पुन्हा सुरुवात केली. माझ्याशी त्या पूर्वीसारख्याच बोलायच्या, साखर मागायच्या, हसायच्या. पण मला 'लागलं का' असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

बढती मला मिळाली आणि तिच्याबरोबर बंगळूर. २००८ मध्ये खोली सोडताना त्यांनी एक कुंडी हातात ठेवली आणि सांगितलं की पंधरा दिवस विसरलीस तरी हे मरायचं नाही. मी महिना महिना विसरले, आणि ते मेलं नाही. तिथं गेल्यावर जांब्यातल्या खोलीतली माझी मैत्रीण कधीतरी फोनवर म्हणाली की आजी गेल्या. मी मनात म्हटलं, सुटल्या काकू. पण ती पुढं म्हणाली की काकू अजून जाळीतच असतात, दुकानात जायला निघतात आणि कोपऱ्यावरून परत फिरतात. कान मागं लावून चालतात. ते ऐकून मला पेला वाजत असल्यासारखं झालं आणि मी विषय बदलला.

२०१० च्या दिवाळीत पुण्याला कामासाठी आले होते, तशी जांब्याला गेले. रस्ता ओळखू येईना. आमची इमारत मात्र तीच होती आणि जाळीच्या आत खुर्चीवर मालक बसले होते. गाडी दाराशी, आणि हे घरात. मी काकूंची चौकशी केली तर ते जागचे हलले नाहीत. आषाढात, आवणीला जाऊन येते, आठ दिवसांत परत येते म्हणून गेली, म्हणाले. आता भात कापणीला आलं.

मी म्हटलं, पण भावाचं शेत तर विकलं ना?

"भावाचं कुटलं आलंय? लोकाच्या रानात जातीया, रोजानं. हितं सोळा खोल्या, आन् मालकीन लोकाच्या चिखलात. म्या काय सांगू लोकास्नी?"

मी तोंडावर काळजी आणली. आतून मला इतका आनंद झाला होता की तो लपवायला मी झाडांकडे वळले. गॅलरी भरलेली होती. छपराखाली पाऊस येत नाही, आणि मालकांनी चार महिन्यांत एकदाही पाणी घातलं नव्हतं, हे ते स्वतःच सांगत होते. दोन-चार वाळली होती. बाकी सगळी सुरकुतली होती, अंग चोरून बसली होती, पण जिवंत होती. त्यांच्याशिवाय त्यांचं चाललं होतं. इतकी वर्षं त्या जाळीत बसून काकू काय वाढवत होत्या, ते मला तेव्हा कुठं नीट कळलं.

भिंतीवर टाचणी होती, कॅलेंडर नव्हतं.

"यील का गं ती?" मालकांनी विचारलं. पहिल्यांदाच मला तो माणूस म्हातारा वाटला. मी खिडकीशी गेले.

खिडकीच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागं, तो पोचे पडलेला पेला ठेवलेला होता. त्यात माती भरून काकूंनी पानफुटी लावली होती आणि ती वीतभर झाली होती. मी नखानं पेल्यावर टिचकी मारली. आत काठोकाठ माती होती. तो वाजला नाही.